आषाढ-श्रावणातलं रात्रीचं जेवण: तुमच्याकडे काय शिजतं?

पाऊस लागला म्हणून सकाळचा डबा काही बदलत नाही. पोळी आणि कोरडी भाजी, सगळं घाईचं. बदलतं ते रात्रीचं. वाळत न वाळणारे कपडे, गेलेली वीज, आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचं 'काहीतरी गरम कर गं'. त्यात आषाढात आखाड तळायचा, एकादशीपासून चातुर्मास, मग श्रावणाचे वार. एकाच ओट्यावर एकाचा उपास, दुसऱ्याची सुकट आणि तिसऱ्याला हवे असतात नूडल्स.

म्हणून विचारतेय, या दोन महिन्यांत रात्री तुमच्याकडे खरोखर काय होतं? सणाचं ताट नको, ते सगळ्यांना पाठ आहे. साधा मंगळवार-बुधवार सांगा. कृती लिहिलीत तर हाताला येते तशी लिहा. पाव चमचा, अर्धा चमचा असली मापं मी तरी वाचत नाही.

सुरुवात मी करते. आज सालीच्या मूगडाळीची खिचडी आणि ताकाची कढी. खिचडीत माझं कर्तृत्व काही नाही, कुकर करतो. कढीपाशी मात्र उभं राहावं लागतं. बेसन गार ताकात आधीच घुसळून घ्यायचं, आच मंद ठेवायची आणि पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही. मीठ खाली उतरवताना. ताक आंबटच हवं. आलं-मिरची-जिरं ठेचून, तुपाच्या फोडणीत चार मेथीदाणे आणि भरपूर कढीपत्ता. सोबत पोह्याचा पापड, तोही गॅसवर भाजलेला, कारण आखाडाच्या कापण्या तळून झाल्यावर पुन्हा कढई काढायची माझी तयारी नव्हती.

मालवणहून

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद. दर्याही तसा सोडत नाहीच. त्यामुळे रात्रीच्या जेवणाची सोय मे महिन्यातच करून ठेवलेली असते. सुके बांगडे, सुकट, गोलमा, सगळं कडक उन्हात वाळवून डब्यात. पाऊस सुरू झाल्यावर वाळवणाचा डबा सारखा उघडायचा नाही, दमट हवा लागली की संपलं.

आजचा बेत कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर. कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून मग दळलेले. फोडणीत लसूण ठेचून घालायचा, हिरवी मिरची, पाणी आणि दोन-तीन आमसुलं. पाणी उकळलं की गार पाण्यात कालवलेलं पीठ ओतायचं. पिठी पातळच ठेवायची, ताटात वाढेपर्यंत ती आपोआप दाटते. किसमुरीसाठी बांगडा थेट आचेवर भाजायचा, काटे काढून कुस्करायचा, त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, तिखट आणि आमसुलाचं आगळ. बांगडा भाजला की शेजारच्यांनाही कळतं. पूर्वी ते विचारायला यायचे, आता खिडकी लावून घेतात.

एक गोष्ट पटत नाही. समुद्रातली बंदी माशांना वीण घालायला वेळ मिळावा म्हणून. मग पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे मासे, पोटात गाभोळी असलेले, टोपल्या भरभरून का धरतात? मी लहानपणी खाल्लेत, चव मला सांगू नका.

कर्जतजवळून

माझ्या घरी या दिवसांत रात्रीच्या जेवणात एक तरी रानभाजी असतेच, पण मला लिहायचंय ते शेवळांबद्दल. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येतात, आदिवासी बायका जुड्या बांधून बाजारात आणतात आणि आठ-पंधरा दिवसांत खेळ संपतो. टाकळा, कुर्डू, भारंगी नंतरही मिळत राहतात. शेवळं चुकली की वर्षभर थांबा.

सुरणाच्या भाऊबंदांतली भाजी, म्हणून खाज आलीच. यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. उपायही जंगलानेच दिलाय. शेवळांच्या जुडीसोबत विकणारी बाई काकडं देते, छोटी, हिरवी, आंबट-तुरट फळं. ती न मागता द्यायला हवीत. एखादी द्यायला विसरली तर शेवळं घेऊच नका, किंवा घरी चिंच-आमसूल भरपूर आहे ना ते आठवा.

सासूबाईंची पद्धत अशी. हाताला तेल लावून बसायचं. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळसर भाग टाकून द्यायचा, त्यातच खाज जास्त. बाकीचं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं, अगदी रंग काळपट होऊन आकाराने निम्मं होईपर्यंत. काकडं ठेचून, बी काढून, पाण्यात कोळून तो रस गाळून घ्यायचा आणि त्यातच भाजी शिजवायची. मग भिजवलेले सोडे, कांदा-खोबऱ्याचं वाटण, गरम मसाला. चिरण्यापासून वाढण्यापर्यंत दीड तास सहज जातो आणि पातेलं दहा मिनिटांत रिकामं होतं. काहीजण खिमा घालतात. माझं मत विचाराल तर खिम्यात शेवळांचा वास हरवतो, सोडेच हवेत. शाकाहारी असाल तर वालाचे बिरडे घाला, तेही जमून येतं.

आमच्या घरी जेवायला बसल्यावर पहिला घास नेहमी सासरे घेतात आणि बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यांनी दुसरा घास घेतला की सगळे सुरू.

जळगावहून

ज्याला त्याला वाटतं आम्ही बाराही महिने भरीत खातो. भरताची वांगी थंडीतली. आता पावसात रात्रीला कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळून आणायचं. भाकरी जराशी खरबरीत आणि खमंग होते. वर हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं शेंगदाण्याचं तेल.

पाहुणा आला किंवा भाजी आणायला जमलं नाही तर डुबुकवडे. कांदा-खोबरं भाजून, वाटून झणझणीत रस्सा करायचा. बेसनात तिखट, मीठ, ओवा, कोथिंबीर घालून घट्टसर भिजवायचं आणि रस्सा खदखदत असताना त्यात हाताने छोटे छोटे वडे सोडायचे. वडा वर तरंगला की झाला. रस्सा उकळत नसेल तर वडे विरघळून त्याचं पिठलं होतं, मग तेच पिठलं म्हणून वाढायचं.

कांदेनवमीला, म्हणजे एकादशीच्या दोन दिवस आधी, घरात कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, जेवढं खायचं तेवढं खाऊन घेतात. त्यानंतर सासूबाई कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. मुलांचं आणि ह्यांचं चालू. मग रोज रात्री दोन कढया, दोन पळ्या. पळीची अदलाबदल झाली तर सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त दही-भात घेतात. बोललेलं परवडतं.

सोलापूरहून

आज काही शिजवलं नाही. सकाळच्या ज्वारीच्या भाकऱ्या कडक करून ठेवल्या होत्या. शेंगाची चटणी, दही, कांदा फोडून. चटणी मिक्सरची नाही, उखळातली, तेल सुटलेली. पोट भरलं.

मूळचा लातूरचा, सध्या पुण्यात

स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आम्ही तिघे एका खोलीत. सहा दिवस मेस आहे, रविवारी रात्री मेस बंद. ती एक रात्र आमची. इंडक्शन शेगडी, एक कुकर, एक पातेलं, एवढाच संसार. पोळपाट-लाटणं नाही.

आम्ही वरणफळं करतो. आईने फोनवर सांगितलेली, आता तोंडपाठ. तूरडाळ शिजवून घोटायची. फोडणीत लसूण, जिरं, कढीपत्ता, घरून आलेला काळा मसाला. चिंच-गूळ घालून वरण चांगलं पातळ करायचं, आपल्याला वाटतं त्याहून जास्त पातळ, कारण फळं पाणी पितात. कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ. ताट पालथं घालून त्यावर स्टीलच्या पाण्याच्या बाटलीने लाटायचं आणि पट्टीने कापायचं. हो, नकाशे काढायच्या पट्टीनेच, धुऊन. तुकडे उकळत्या वरणात एक-एक सोडायचे. सगळे एकदम ओतले तर गोळा होतो. सोडून झाले की झाकण ठेवून आच कमी करायची. फळ मधोमध तोडून बघायचं, आत पांढरी रेघ दिसली तर अजून कच्चं आहे.

वरून तूप. आमच्यातला कोल्हापूरचा त्यावर कांदा-लसूण चटणी टाकतो. मी त्याला सांगून थकलो, आता माझ्या ताटातही थोडी टाकून घेतो. आई रविवारी रात्री नऊला फोन करते. 'काय खाल्लं रे?' म्हणते. सोमवार ते शनिवार ती हे विचारत नाही, मेसचं उत्तर तिला ऐकवत नाही बहुतेक.

अकोल्याकडून (अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले नव्हे, आमचं विदर्भातलं)

गोळाभात कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा, त्यात तिखट, हळद, ओवा, मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन. जेमतेम पाण्याने मुटके वळायचे. भात अर्धा शिजला, वर अजून पाणी दिसतंय, तेव्हा ते वर रचायचे आणि झाकण घट्ट लावायचं. खाताना मुटका भातात कुस्करायचा आणि वरून लसूण-लाल मिरचीच्या फोडणीचं गरम तेल. तेलाला हात आखडता घेणाऱ्याने गोळाभात करू नये बाप्पा, घसा धरतो. सोबत चिंचेचं सार. भाजी लागत नाही, पोळी लागत नाही, पातेलं एकच घासावं लागतं. आमच्याकडे हे मीच करतो, बायको सार करते.

मुंबईहून

मी नर्स आहे. माझी रात्रपाळी असते त्या आठवड्यात रात्रीचं जेवण संध्याकाळी सहालाच, लोकलच्या वेळेवर. वरण-भात नाही, भाताने पहाटे डोळे मिटतात. तांदळाचे घावन आणि बटाट्याची भाजी किंवा भाकरी-पिठलं. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. आखाड तळायचाच असतो तर पाळीच्या डब्यासाठी तळते, एका कामात दोन कामं. पुऱ्या दोन दिवस टिकतात, गार खाल्ल्या तरी चालतात आणि रुग्णाची घंटा वाजली तर अर्धी पुरी झाकून उठता येतं. मध्यरात्रीनंतर सगळ्यांचे डबे एकत्र उघडतात. केरळच्या सहकारिणीचं चिंचेचं लोणचं आणि माझ्या पुऱ्या हे समीकरण आता पक्कं झालंय.

मावळातून

भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे रात्रीचं जेवणच खरं जेवण. दिवसभर चिखलात वाकून झाल्यावर घरी आलं की आधी चुलीपाशी हातपाय शेकायचे. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, हाताशी सुका बोंबील. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून शहरातले पाहुणे नाचणीची भाकरी मागून खातात. आधी त्यांच्यासाठी गहू दळून आणायला लागायचा.

मुलं बांधावरून खेकडे धरून आणतात. मोठ्या नांग्या आणि पेंदे रश्शात जातात. बारीक पाय फेकायचे नाहीत. पाट्यावर पाणी घालून ठेचायचे आणि फडक्यातून गाळायचे. त्या पाण्यातच रस्सा करायचा, सगळी चव तिथे आहे. हे सगळं आषाढ अमावास्येपर्यंत. श्रावण लागला की माळकरी आणि बिनमाळकरी, सगळ्यांची चूल सारखीच.

नाशिकहून, निवृत्त शिक्षक

तुम्ही सगळे आषाढातच रमलात. श्रावणातला सोमवार म्हणजे आमच्या वेळी शाळा लवकर सुटायची, कारण उपास दिवस मावळायच्या आत सोडायचा. आम्ही अजूनही तसंच करतो. वरण-भात, लिंबू, अळूची पातळ भाजी, भोपळ्याच्या घाऱ्या. अळूत भिजवलेली हरभराडाळ आणि दाणे, मुळ्याच्या चकत्या, चिंच-गूळ. चिंच कमी पडली तर शेवळांसारखीच शिक्षा. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडायचे. तीन वर्षांचा नातू त्यांना मोमो म्हणतो आणि आवडीने खातो. सौ. रागावतात, मी तूप वाढतो.

आता माझा एक प्रश्न. बाजारात करटोली आली आहेत. मी काचऱ्या करून, नुसत्या तेलावर परतून, मीठ-तिखट आणि ओलं खोबरं घालतो. सुनेच्या माहेरी दाण्याचं कूट घालतात आणि बियाही काढत नाहीत. कोवळी असतील तर बिया ठेवायला माझी हरकत नाही, पण कूट? कोणी दोन्ही करून पाहिलं असेल तर लिहा. आज रात्री पाव किलो तिच्या पद्धतीने आणि पाव किलो माझ्या, असं ठरलंय.