आतडं अडकलं तेव्हा: अनुभव धागा

साधी बद्धकोष्ठता आणि आतडं अडकणं यांत घरोघरी गल्लत होते. स्वतः सोसलंय किंवा घरी पाहिलंय त्यांनी लिहा. औषधांचे डोस नकोत.

रानजाई: गर्भाशय काढल्याला बरीच वर्षं झाली होती. एका संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या. येत, ओसरत, पुन्हा येत. मग हिरव्या उलट्या, पोट टमटमीत, वारा सरणं बंद. सासूबाई एरंडेल घेऊन हजर! नणंद नर्स आहे, तिने बाटलीच काढून घेतली. पुढे वाट बंद असताना मागून जोर लावला तर आतडं फाटू शकतं. सीटी स्कॅनमध्ये दिसलं, जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटली होती. मला वाटलं, आता पुन्हा पोट उघडणार. पण तोंडाने काही द्यायचं नाही, नाकातून जठरात रायल्स ट्यूब (साचलेलं बाहेर काढणारी नळी), सलाईन, आणि राउंडला आलेल्या सर्जनचा एकच प्रश्न, "वारा सरला का?" ती नळी कळांपेक्षा नकोशी. सरला तेव्हा मी अख्ख्या वॉर्डाला सांगितलं. ऑपरेशन टळलं.

घाटवाट: आमच्या बाबांचं टळलं नाही. जांघेतला हर्निया, म्हणजे आतडं बाहेर येऊन झालेली गाठ, 'दाबला की आत जातो' म्हणून वर्षानुवर्षं चालढकल. एकदा गेलाच नाही. गाठ कडक, हात लावू देईनात. रक्तपुरवठा तुटून आतड्याचा तुकडा काळा पडला होता, तो कापावा लागला. अशात नळी घालून वाट बघत नाहीत.

पिंपळपान: भाचा आठ महिन्यांचा. पाय पोटाशी घेऊन किंचाळायचा, मग मलूल पडायचा. लंगोटात लाल जेलीसारखी शी. सोनोग्राफीत आतड्यात आतडं शिरलेलं दिसलं. शीच्या जागेतून सलाईन सोडून, सोनोग्राफीत बघत, ते मागे सरकवलं. एक टाकाही नाही.

मोगरा: टीबी आतड्यालाही होतो, हे मला झाल्यावर कळलं. वजन उतरत होतं, संध्याकाळी कणकण, जेवलं की उजवीकडे गुडगुड आणि कळ. कोलोनोस्कोपीत, म्हणजे शीच्या जागेतून दुर्बीण घालून, आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच वाट अरुंद झाली होती. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी माझी मोकळी झाली. काहींची व्रण आखडून तशीच राहते, त्यांना शस्त्रक्रिया लागते.

घाटवाट: रानजाई, घरी आल्यावर खाण्याचं काय?

रानजाई: आधी पेज, मऊ भात, वरणाचं पाणी. मक्याचं कणीस, पेरू, सुकं खोबरं काही आठवडे बंद. कणीस अजूनही मी चावून चावून खाते, नवरा हसतो.