मदत हवी आहे: काढलेली बनावट 'एसव्हीसीहोस्ट' रीस्टार्टनंतर परत येते

घरचा डेस्कटॉप, विंडोज १०. मागच्या आठवड्यात मुलाने क्रॅक केलेला गेम टाकला (कान उपटून झालेत). तेव्हापासून कोणी काही करत नसतानाही राउटरचा दिवा सारखा लुकलुकतो. 'नेटस्टॅट -एएनओ' (चालू नेट कनेक्शन दाखवणारी कमांड) चालवलं तर एक प्रोसेस बाहेरच्या एकाच आयपीला चिकटलेली. नाव एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणाऱ्या खऱ्या प्रोसेसचं नाव), पण फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये नाही, युजरच्या ॲपडेटा फोल्डरातल्या रोमिंगमध्ये. म्हणजे तोतयाच.

डिफेंडरच्या (विंडोजचा अँटीव्हायरस) एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत, अख्खा सी ड्राइव्ह टाकलेला निघाला! तो काढून ऑफलाइन स्कॅन केला, फाइल गेली. टास्क शेड्युलरमध्ये दर ५ मिनिटांनी चालणारं एक टास्क होतं, तेही उडवलं. रजिस्ट्रीतल्या रन की (विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदी) आणि सर्व्हिसेसमध्ये काही दिसत नाही. तरी रीस्टार्टनंतर स्वारी हजर.

नेटची वायर काढून ठेवलीय, पासवर्ड फोनवरून बदललेत. डी ड्राइव्हवर ८० जीबी फोटो आहेत, बॅकअप नाही, त्यामुळे लगेच फॉरमॅट नको.

ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी दाखवणारं टूल) च्या डब्ल्यूएमआय टॅबमध्ये (विंडोजची एक अंतर्गत यंत्रणा, ठरावीक घटना घडली की प्रोग्रॅम चालवू शकते) एक अनोळखी नोंद दिसतेय. तीच याला परत आणत असेल का, आणि बिनधास्त डिलीट करू का? शेवटी फॉरमॅटच करावा लागला, तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून फक्त फोटो काढून घेणं सुरक्षित आहे ना?