छोटा भीमचा ड्रेस कुठे मिळेल? जळगाव-भुसावळ (बजेट ४००)

केळीबाग: मुलगी पाच वर्षांची. शुक्रवारी शाळेत वेशभूषा आहे आणि तिला छोटा भीमच व्हायचंय. शिवलेलं केशरी धोतर कुठे मिळेल? बजेट ४०० रुपये, त्यावर नाही जमणार.

तापीकाठ: फुले मार्केटला जा. मी पोरासाठी ११०० चा अख्खा सेट घेतला, गदेसकट. पहिला नंबर आला त्याचा!

भुसावळची_मावशी: ताई, ऑनलाइन अजिबात मागवू नका. आमच्याकडे आलं ते नुसतं सिंथेटिक. एप्रिलचं ऊन, त्यात पत्र्याचा मांडव. पोराच्या कमरेला इलॅस्टिकची लाल रेघ उठली, स्टेजवर जायच्या आधीच त्याने धोतर काढून फेकलं. रंग गेला तो वेगळाच.

चाळीसगावकर: मुलगी आहे ना, मग भीमची मैत्रीण चुटकी करा. घागरा घरात असतोच, गालाला लाली लावली की झालं.

अमळनेरचा_पोरगा: गदा कशाला? त्याची ओळख लाडू. टुनटुन मावशीचा लाडू खाल्ला की ताकद येते. हातात लाडू द्या.

तापीकाठ: भीम म्हटलं की गदा पाहिजेच.

एरंडोलकर: भीम आमचाच आहे भो. एरंडोल म्हणजे एकचक्रनगरी, बकासुराला इथेच मारलं असं आमच्याकडे सांगतात. पद्मालयाजवळ भीमकुंड आहे, पोरीला दाखवून आणा.

अमळनेरचा_पोरगा: दादा, तो महाभारतातला. हा ढोलकपूरचा, राजा इंद्रवर्माच्या राज्यातला. नाव तेवढं घेतलंय. हैदराबादच्या ग्रीन गोल्डने २००८ मध्ये पोगोवर आणला. मी दप्तर टाकलं की आधी टीव्ही लावायचो.

धुळेकर_बाप: आमना पोऱ्या रोज भीम देखस. पण मुलीला चुटकीच शोभेल. घागरा, गालाला लाली, बस.

नंदुरबारची_शिलाई: शिवणकाम करते म्हणून सांगते. दोन मीटर सुती कापड घ्या. निऱ्या आधीच शिवून टाका, आत चड्डीला चार टाके घालून जोडा, कमरेला इलॅस्टिक नको, नाडी घाला. मूल पळालं तरी सुटत नाही. वर बनियन द्या. आणि शू लागली तर पटकन उतरलं पाहिजे, हे कुणी बघत नाही.

तापीकाठ: कापड आणि शिलाई धरली तर सेटच परवडतो.

केळीबाग: सगळ्यांचे आभार. चुटकीचं विचारून बघितलं. म्हणाली, "चुटकी भीमला लाडू देते. मला खायचेत." मग पुढे काही बोलले नाही. सासूबाईंनी त्यांचं जुनं केशरी लुगडं काढलं, धुवून धुवून मऊ झालेलं. म्हणाल्या, शिवायचं नाही, मी कासोटा घालून देते. अर्धं फाडून नेसवलं. पोरगी अंगणात तासभर पळाली, दोनदा कोलांटी मारली, कासोटा जागचा हलला नाही. गदा नाही. डब्यात शेंगदाण्याचे लाडू, वर्गाला पुरतील एवढे.

नंदुरबारची_शिलाई: छान. पण शाळेत कासोटा परत घालणार कोण? आजींना सोबत न्या.

केळीबाग: त्यांनी पातळ काढून ठेवलंय आधीच.