'नेटिव्ह' या विशेषणाचे भाषांतर 'भारतीय' करावे का?

दप्तरखाना (धागाकर्ता)

एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या काही इंग्रजी अहवालांचे मराठी भाषांतर आम्ही चार-पाच जण हौसेने करीत आहोत. त्यांत पानोपानी एक विशेषण भेटते: नेटिव्ह शिक्षक, नेटिव्ह वैद्य, नेटिव्ह पलटण, नेटिव्ह संस्थानिक. हा शब्द आज खटकतो, तेव्हा सगळीकडे 'भारतीय' लिहावे, असे माझ्या बहुतेक सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही ते इथे मांडतो, म्हणजे विरोधकांनाही मोकळेपणाने बोलता येईल.

या विशेषणाचे मूळ 'जन्मणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. 'नेशन' आणि 'नेचर' हे शब्द त्याच कुळातले. शेक्सपिअरच्या नाटकात देशोधडीला लागलेला सरदार आपली 'नेटिव्ह' इंग्रजी आता बोलता येणार नाही म्हणून हळहळतो, आणि वॉल्टर स्कॉटने १८०५ साली मायभूमीवरच्या ज्या ओळी लिहिल्या त्यांतही हेच विशेषण अभिमानाने आले आहे. मुंबईत १८२७ साली 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' हे नाव रूढ झाले. बाळशास्त्री जांभेकर या संस्थेचे 'नेटिव्ह सेक्रेटरी' होते आणि त्या पदनामात कमीपणा आहे असे त्या काळी कोणी मानीत नसे. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८६४ साली पत्र काढले, तेव्हा त्याचे नाव 'नेटिव्ह ओपिनियन' ठेवले, आणि ते त्यांच्यावर कोणी लादले नव्हते. शब्दाची पत नंतर घसरली. ती कशी घसरली हे वाचकाला दिसायचे असेल तर शब्द जागेवर राहिला पाहिजे.

आडवाट

पत नंतर घसरली हे म्हणणे मला मान्य नाही, कारण ती मुळात उंच नव्हती. मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यात 'नॅटिव्हुस' म्हणजे जन्माने बांधलेला कूळ-गुलाम. तो पळून गेला तर त्याला परत मिळविण्यासाठी जमीनदाराला न्यायालयातून याच शब्दाचा हुकूम काढता येत असे. 'नाईव्ह', म्हणजे भोळसट, हे विशेषणही याच लॅटिन शब्दाचे फ्रेंचमार्गे आलेले भावंड आहे. जन्माने बांधलेला आणि अडाणी या दोन्ही छटा घरच्याच भाषेत तयार होत्या, त्या हिंदुस्थानात येऊन नव्याने शोधाव्या लागल्या नाहीत.

राहिला सोसायटीचा दाखला. १८१५ साली स्थापन झालेली 'बॉम्बे एज्युकेशन सोसायटी' प्रामुख्याने युरोपीय आणि मिश्र वंशाच्या मुलांसाठी होती, आणि एतद्देशीयांच्या शाळांचे काम १८२२ साली तिच्यापासून वेगळे करण्यात आले. म्हणजे विशेषणाशिवायचे नाव त्यांच्या मुलांना आणि विशेषणासकटचे आपल्या मुलांना. शिवाय त्या नव्या मंडळीच्या मराठी नावात 'नेटिव्ह' नव्हते, 'हैंदशाळा' होते. त्या पिढीतल्या मराठी माणसांनी जिथे 'हैंद' म्हटले, तिथे आपण 'भारतीय' म्हटल्याने कोणते पाप घडते?

सह्यकडा

दोघांचेही दाखले बरोबर आहेत, पण दोघेही शब्दाकडे पाहत आहेत आणि वाक्याकडे पाहत नाहीत. १८३३ च्या सनदी कायद्याचे ८७ वे कलम आठवावे. सदर प्रदेशांच्या कोणत्याही 'नेटिव्ह'ला केवळ धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण यांच्या कारणाने कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये, असे ते सांगते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातही 'आमच्या हिंदुस्थानातील प्रदेशांचे नेटिव्ह' अशीच रचना आहे. कुठले, हे सांगितले आहे. तिथे शब्दाला षष्ठीचा आधार आहे आणि अर्थ सरळ आहे.

आता १८८३ चे इल्बर्ट विधेयक घ्या. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली इंग्लंडात परीक्षा देऊन सनदी सेवेत आले आणि पुढे साताऱ्याचे न्यायाधीश झाले. अशा माणसाला मुंबईसारख्या राजधानीच्या शहराबाहेर युरोपीय आरोपीवरचा फौजदारी खटला चालविता येत नसे. विधेयकाने ते बंधन काढायचे ठरविले, तेव्हा निळीचे आणि चहाचे मळेवाले पेटून उठले, आणि त्यांच्या तोंडी 'नेटिव्ह न्यायाधीश' हाच आक्षेपाचा पूर्ण मजकूर होता. कायदा येतो का, पुरावा तोलता येतो का, हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. १८८४ साली तडजोड झाली ती अशी की युरोपीय आरोपीला निम्मे तरी युरोपीय अथवा अमेरिकन असलेले पंचमंडळ मागता यावे. इथे 'कुठला नेटिव्ह?' हा प्रश्नच उरत नाही. षष्ठी गळून पडली की हे विशेषण माणूस कुठला आहे हे सांगणे थांबवते आणि तो कोण नाही एवढेच सांगते.

माझे मत असे की भाषांतरकाराने या दोन रचना वेगळ्या हाताळाव्यात. पहिलीत 'मुंबईचा मूळ रहिवासी' असे खुशाल लिहावे. दुसरीत 'नेटिव्ह'च ठेवावे.

नाममात्र

व्याकरणाचा मुद्दा चातुर्याचा आहे, पण वाचक कोण याचा विचार कुणीच करीत नाही. मुंबईत अर्ध्या लोकांना 'नेटिव्ह' म्हटले की गणपतीला जायचे गाव आठवते. लग्नाच्या बायोडाटात 'नेटिव्ह प्लेस: तालुका देवगड' असे लिहिणाऱ्याच्या मनात ना इल्बर्ट असतो ना मळेवाले. त्याच्या हाती 'नेटिव्ह वैद्य' दिलात तर तो गावाकडचा वैद्य समजेल. भाषांतर समजण्यासाठी असते, म्हणून 'देशी' किंवा 'एतद्देशीय' लिहा आणि पुढे चला.

दूरदेशी

मी बरीच वर्षे जोहान्सबर्गमध्ये आहे, म्हणून इथला दाखला देतो. तो सह्यकडा यांच्या म्हणण्याला बळ देतो आणि 'भारतीय' हा पर्याय पार मोडीत काढतो.

मुंबईत जो माणूस 'नेटिव्ह' होता, तोच आगबोटीने इथे उतरला की 'नेटिव्ह' राहत नसे. ट्रान्सवालच्या १९०७ च्या नोंदणी कायद्यात, ज्याच्या विरोधात गांधीजींनी सत्याग्रह उभारला, तो 'एशियाटिक' होता. 'नेटिव्ह' हा शब्द इथे कृष्णवर्णीय आफ्रिकनांसाठी राखलेला होता, आणि १९१३ च्या 'नेटिव्ह्ज लँड ॲक्ट'ने त्यांना ठरावीक राखीव भागांबाहेर जमीन घेण्यास बंदी केली. ज्यांचा जन्म इथला, त्यांनाच इथली जमीन घेता येईना. जन्मभूमीशी नाते सांगणाऱ्या शब्दाची याहून क्रूर थट्टा मला ठाऊक नाही.

तरीही १९१२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेने स्वतःचे नाव 'साऊथ आफ्रिकन नेटिव्ह नॅशनल काँग्रेस' असेच ठेवले आणि १९२३ साली ते बदलून 'आफ्रिकन नॅशनल काँग्रेस' केले. अमेरिकेत तर उलटाच प्रवास झाला. १८४० च्या दशकात तिथला 'नेटिव्ह अमेरिकन' पक्ष हा आयर्लंडहून येणाऱ्या कॅथलिकांना विरोध करणाऱ्या, तिथे जन्मलेल्या गोऱ्या प्रॉटेस्टंटांचा पक्ष होता. आज त्याच दोन शब्दांनी तिथल्या आदिवासी जमातींचा निर्देश होतो आणि तो आदराचा समजला जातो, जरी त्यांच्यातल्या पुष्कळांना 'इंडियन' म्हणवून घेणेच अधिक पसंत आहे.

आडवाट

दूरदेशी यांनी दिलेली माहिती मोलाची आहे, पण तिच्यातून माझाच मुद्दा निघतो. दोन्ही ठिकाणी शब्दाची सूत्रे सत्ताधाऱ्याच्या हाती होती. काँग्रेसने ११ वर्षांत तो टाकला, याचा अर्थ तो बोचत होता. मग मंडलिकांनी तो का घेतला, याचे उत्तर दप्तरखाना यांनी अजून दिलेले नाही.

दप्तरखाना

देतो. मंडलिकांपुढे दुसरा शब्द मोकळा नव्हता असे मला वाटते. १८६१ साली मुंबईतील इंग्रजांची पत्रे एकत्र होऊन 'टाइम्स ऑफ इंडिया' निघाले होते. 'इंडियन सिव्हिल सर्व्हिस'मध्ये जवळपास सगळे इंग्रज होते, आणि 'अँग्लो-इंडियन' म्हणजे त्या काळी हिंदुस्थानात राहणारा इंग्रज. 'इंडियन' हे विशेषण साहेबाने स्वतःसाठी वापरून टाकले होते. तेव्हा तीन वर्षांनी निघालेल्या पत्राला 'इथल्या लोकांचे मत' एवढे ठासून सांगायचे असेल, तर 'नेटिव्ह' हाच नेमका शब्द होता. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेने 'इंडियन' हे विशेषण आपल्या नावात घेतले, ती एका अर्थाने परतफेड होती. आपण १८३० च्या अहवालातच 'भारतीय' लिहून बसलो, तर ती अर्ध्या शतकाची वाटचाल वाचकापासून लपवतो. 'हैंदशाळा' हे नाव मात्र वजनदार आहे हे मान्य करतो. मूळ मराठी कागदात जिथे तो शब्द असेल, तिथे तोच राहील.

नाममात्र यांना एवढेच सांगतो की 'देशी' या शब्दाला आज कोंबडीचा आणि दारूचा वास आहे.

नाममात्र

वास 'एतद्देशीय'लाही आहे, जुन्या कपाटाचा, पण तो निदान कुणाचा अपमान करीत नाही. आपण वाचकाला तळटिपा वाचायला लावणार आणि तो त्या वाचणार नाही, हे मी आताच लिहून ठेवतो.

सह्यकडा

पलटणींच्या बाबतीत एक अडचण राहतेच. १८५७ च्या जुलैमध्ये कोल्हापुरात उठाव करणारी पलटण '२७ वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री' होती, आणि तिचे वरिष्ठ अधिकारी सगळे इंग्रज होते. तिथे 'भारतीय पलटण' म्हटले तर अर्थच फिरतो. आणि १८८५ साली सरकारने पलटणींच्या नावांतून 'नेटिव्ह' हा शब्द काढून टाकला, तरी मुरलेल्या सुभेदाराने कालच्या पोरसवदा इंग्रज अधिकाऱ्याला सलाम करायचा ही रीत तशीच चालू राहिली. तेव्हा १८८५ नंतरच्या लष्करी कागदांत हा शब्द नसेल, तर आपणही तो घालू नये.

आडवाट

ते मान्य. पण १८८५ पूर्वीच्या कागदांत सुभेदाराला 'नेटिव्ह अधिकारी' म्हणणार असाल, तर त्याच पानावर नुसते 'अधिकारी' म्हणून येणाऱ्यांच्या आधी 'इंग्रज' हा शब्द घालणार की नाही, ते आधी ठरवा. मूळ कागद तो घालीत नाही.