प्रतिसाद: आडनावापलीकडचे खाशे

'प्रतापसिंह राणे आडनावाच्या पुण्याईवर निवडून येत राहिले' असं गोव्याच्या या माजी मुख्यमंत्र्यांबद्दल इथे एकाने म्हटलंय. अर्धंच खरं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राणे म्हणजे पोर्तुगिजांविरुद्धच्या बंडांची आठवण, हे मान्य. पण १९७२ ते २०१७ अशा अकरा निवडणुका, त्यात पक्ष बदललेला, मतदारसंघाचं नाव सत्तरीचं पर्ये झालेलं, आणि एकदाही हार नाही? एवढं निव्वळ आडनाव ओढत नाही हो.

आमच्या सत्तरीतल्या केरी गावच्या मावशीकडे अजूनही कोणी 'राणे' म्हणत नाही, 'खाशे' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं तेच त्यांचं नाव! मावशी अंजुणे धरणाच्या पाण्यावर वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेती करते. खाशांचा विषय निघाला की आधी पाटाकडे बोट दाखवते, मग बोलते.

खाशे मगोपकडून (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आले, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळात बसले, १९८० मध्ये काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. १९८७ हे वर्ष मात्र नीट बघा. फेब्रुवारीत राजभाषा कायदा, ३० मे रोजी गोवा घटकराज्य, दोन्ही वेळी खुर्चीवर हेच. कोकणी राजभाषा, मराठीला वापराची मुभा. ही तडजोड आम्हा मराठीवाल्यांना अजून खुपते, आणि गंमत म्हणजे सत्तरी पडली मराठीचा बालेकिल्ला! तरी १९८९ ला तिथूनच पुन्हा निवडून आले.

२०२२ ला काँग्रेसची उमेदवारी जाहीर होऊनही माघार घेतली आणि पर्येतून सून भाजपकडून जिंकली. आडनावाचा मुद्दा काढायचाच तर तो इथे काढा.