कुशादासीहून एफेसस: क्रूझवाल्यांची टूर की प्रायव्हेट गाईड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघणाऱ्या क्रूझवर चाललोय, मी, बायको आणि आप्पा (वडील, वय ७४). शेंगेन (युरोपचा) मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळालाय, बाकी बेटांचं काही टेन्शन नाही, अडलंय ते फक्त तुर्कस्तानातल्या कुशादासीपाशी. जहाज सकाळी सातला लागतंय आणि साडेचारच्या आत सगळ्यांनी परत चढायचंय. एफेसस, म्हणजे तिथलं प्राचीन शहर, बंदरापासून साधारण वीस किलोमीटर, म्हणजे वेळ तसा आहे, पण तो कसा वापरायचा हे ठरत नाहीये.

आप्पा कोल्हापूरला शाळेत इतिहास शिकवायचे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची ती छोटी ब्राँझची मूर्ती, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे बघा, ती दाखवायला पोरांना घेऊन जायचे आणि ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी आला कसा यावर तासन्‌तास बोलायचे. आता त्याच रोमन जगातलं एवढं मोठं शहर डोळ्यांनी बघायला मिळणार म्हणून त्यांनी वहीत प्रश्न काढून ठेवलेत. पहिलाच प्रश्न बंदराचा आहे. नदीच्या गाळाने ते बुजत गेलं आणि समुद्र काही किलोमीटर लांब गेला हे वाचलंय, पण जुन्या बंदराची जागा नेमकी कुठून नीट दिसते, थिएटरच्या वरच्या पायऱ्यांवरून का? तिथे उभं राहून कोणीतरी हात दाखवून समजावून सांगावं एवढीच त्यांची इच्छा आहे. सेल्ससच्या लायब्ररीबद्दलही तसंच, मुलाने बापाच्या स्मरणार्थ बांधली, बापाची कबर खालीच आहे आणि आज दिसतो तो दर्शनी भाग १९७० च्या दशकात पडलेले दगड जुळवून परत उभा केलेला, तर त्यातलं जुनं किती नवं किती, हे त्यांना दगडाजवळ जाऊन बघायचंय.

क्रूझवाल्यांच्या टूरमध्ये हे जमणार नाही असं वाटतंय. बसभर माणसं, कानात हेडफोन, गाईड पुढे गेला की आपणही पुढे. शिवाय त्यात टेरेस हाऊसेस (श्रीमंत रोमन लोकांची उतारावरची घरं) नाहीयेत, त्याचं तिकीट वेगळं असतं म्हणे, आणि भिंतींवरची चित्रं, मोझेक सगळं तिथेच आहे, ते सोडून कसं चालेल! त्या टूरचा एकच मोठा फायदा म्हणजे उशीर झाला तर जहाज थांबतं. प्रायव्हेट गाईड घेतला तर ती जबाबदारी आपली, आणि बायकोचा जीव तिथेच अडकलाय.

तर जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा:

वरच्या गेटपासून सुरू करून उताराने खालच्या गेटला यायचं हे बरोबर ना, आणि गाडी खाली येऊन थांबते का? आप्पांचे गुडघे दुखतात, चालतील ते, पण हळू, आणि संगमरवरी रस्ता गुळगुळीत झालाय असं ऐकलंय. टेरेस हाऊसेसमध्ये जिने किती आहेत, म्हाताऱ्या माणसाला झेपतील का? की ते मीच बघून यावं आणि आप्पांनी तोवर लायब्ररीसमोर बसावं?

गाईडकडे सरकारी लायसन्स असतं आणि ते कार्ड गळ्यात असतं एवढं कळलंय. पण बुकिंग करताना ते कसं तपासायचं? पैसे आधी मागतात की टूर झाल्यावर दिले तरी चालतात? आणि कार्पेट नाहीतर चामड्याच्या दुकानात नेणार नाही हे आधी लिहून घेतलं तर खरंच पाळतात का? तो अर्धा-पाऊण तास मला जवळच्या सेल्चुक गावातल्या म्युझियमला द्यायचाय, आर्टेमिस देवीचे पुतळे तिथे आहेत. तिच्या देवळाच्या जागी आता एकच खांब उभा आहे हे माहितीये, तरी प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, पाच मिनिटं थांबायचंच. मेरीचं (येशूच्या आईचं) घर वेळेअभावी सोडतोय, चूक करतोय का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आप्पा इंग्रजी वाचतात भरपूर पण भरभर बोललेलं त्यांना कळत नाही. सावकाश बोलणारा, मध्येच थांबवून प्रश्न विचारले तर न वैतागणारा असा गाईड कोणाला मिळाला असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जहाजाच्या टूरच्या जागा भरत चालल्यात, त्यामुळे या आठवड्यात काय ते ठरवावं लागेल.