काळ्या मातीत सिमेंट-डांबर मिसळून रस्ता टिकतो का? (निफाड साइड)

द्राक्षवाला_निफाड: नमस्कार मंडळी, हायवेपासून आमच्या पॅकिंग शेडपर्यंत शेतातून रस्ता आहे, ३ मीटर रुंद, खाली सगळी काळी माती. दरवर्षी मुरूम टाकतो अन् पावसाळ्यात तो गिळला जातो, मग जानेवारीपासून कंटेनर आणायचा म्हटलं की ड्रायव्हर लोकांच्या विनवण्या. आता एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय मुरूम बंद करा, आहे त्याच मातीत १५ सेंमी खोल सिमेंट मिसळू, दर ५ मीटरला एक गोणी, वरून डांबराचं पाणी मारू, काम पक्कं. कोणी केलंय का असं? का पैसे पाण्यात?

सिव्हिल_नाशिककर: पद्धत खरी आहे भाऊ, आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी ८९ हे मार्गदर्शक पुस्तक त्यावरच आहे, पण तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचा हिशोब बघा. १ मीटर लांबी, ३ मीटर रुंदी, १५ सेंमी जाडी म्हणजे ०.४५ घनमीटर, कोरडी माती धरा पावणेसात क्विंटल. ५ टक्के सिमेंट म्हणजे मीटरला ३४ किलो. तो ५ मीटरला ५० किलोची एक गोणी, म्हणजे मीटरला टाकणार १० किलो, दीड टक्का. एवढ्यात माती बांधली जात नाही, नुसती राखाडी दिसते.

दुसरं, काळ्या मातीला सरळ सिमेंट देऊच नये. चिकट ढेकळं फुटत नाहीत, सिमेंट ढेकळाच्या बाहेर बसतं अन् आत माती तशीच फुगते. आधी ३-४ टक्के विरलेला चुना, रोटाव्हेटरने घोळून ओलावा ठेवून एक-दोन दिवस पडू द्यायचा. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटतं, फुगणं कमी होतं, माती भुसभुशीत होते. मग सिमेंट टाकलं तर ते लागतं. अन् सिमेंट मिसळल्यावर २ तासाच्या आत रोलर फिरून झालाच पाहिजे, चहापाणी नंतर.

मुरूम_खडी_वाले: एवढं कशाला, डांबराचं इमल्शनच (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) मिसळा की, पाणी आत शिरतच नाही, रेताड मातीत मस्त बसतं

सिव्हिल_नाशिककर: रेताड मातीत बसतं, बरोबर. डांबर कणांना लेप देतं, म्हणून वाळू नाहीतर जुन्या रस्त्याची खरवडलेली खडी असेल तर भारी, त्यात १ टक्का सिमेंट पण टाकतात. काळ्या मातीत लेप बसणार ढेकळावर. इथं इमल्शनचा उपयोग वेगळा, तयार थरावर फवारायचं म्हणजे ओल आत राहते, ७ दिवस क्युरिंग होतं, म्हणजे सिमेंट ओलाव्यात पक्कं होतं. पण तो काही चालायचा पृष्ठभाग नाही. वर खडीचा थर अन् कार्पेट (डांबर-खडीचा पातळ थर) लागणारच, नाहीतर कंटेनरच्या चाकाखाली सोलून निघेल. सिमेंटचा थर थोडा तडकतोच, मधे खडी असली तर ती तड वर येत नाही.

गोदाकाठ: आधी पाणी काढा हो. दोन्ही बाजूला चारी नाही अन् ड्रिपचं पाणी रस्त्याखाली मुरतंय तर चुना काय अन् सिमेंट काय. आमच्याकडे फक्त चारी खोल केली तर अर्धा त्रास गेला.

द्राक्षवाला_निफाड: चारी एकाच बाजूला आहे, तीही बुजलेली 😅 माती किती फुगते ते घरी बघता येतं का?

सिव्हिल_नाशिककर: अंदाज येतो. माती वाळवून कुटून बारीक चाळणीने चाळा, १० ग्रॅमचे दोन भाग, १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत घाला, एकात पाणी एकात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी बघा, पाण्यातली दीडपटीच्या वर गेली तर ती फुगरी माती, चुन्याशिवाय हात लावू नका. नेमकं किती टक्के चुना अन् सिमेंट ते मात्र लॅबमधूनच काढा, नमुना वरच्या वितभर मातीचा नको, त्यात काडीकचरा असतो अन् तो सिमेंटला सेट होऊ देत नाही.

मुरूम_खडी_वाले: अन् चुना घोळताना तोंडाला फडकं अन् डोळ्याला चष्मा, मजुरांना पण द्या, वारा सुटला की डोळे जाळतो तो.

द्राक्षवाला_निफाड: ठीक, आधी जेसीबी लावून चारी काढतो, नमुना सोमवारी देतो. कॉन्ट्रॅक्टरला ते ३४ किलोचं गणित पाठवलंय, ब्लू टिक आलीये, उत्तर नाही.